काळ्या फोनचे वकीलपत्र

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. टेलिफोनला मात्र तो लागू नसावा. आमच्या घरातला काळा फोन २०२२ साली गेला आणि तेव्हापासून घरी येणारा जो तो त्याला नावे ठेवत चहा पितो. "बरं झालं काका, काढलंत ते धूड!" "तुम्ही अजून त्याचं भाडं भरत होतात? कमाल आहे!" "इंटरनेटवरून फुकट होतो हो आता फोन!" ज्या स्टुलावर तो एकोणचाळीस वर्षे बसला होता, त्या स्टुलावर आता एक पांढरी डबी बसली आहे. तिला दोन शिंगे आहेत आणि चार हिरवे डोळे. तिला राउटर म्हणतात. आमचा फोन आता तिच्या पोटातून, म्हणजे इंटरनेटवरून, येतो-जातो.

मी बराच काळ हे निमूटपणे ऐकून घेतले. पुण्यात राहून ऐकून घेतले, यावरून माझ्या सोशिकपणाची कल्पना यावी. पण आता मी त्या काळ्या फोनचे वकीलपत्र घेतले आहे. अशील भंगारात गेला आहे, फी मिळण्याची आशा नाही, आणि विरुद्ध पक्षातर्फे माझा सख्खा पुतण्या उभा आहे. तो हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत असतो आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायला असतो. तरीही खटला चालवणे भाग आहे. का, ते पुढे येईलच.

शहाणा वकील आधी अशिलाचे गुन्हे कबूल करून टाकतो, म्हणजे समोरच्याला बोलायला काही उरत नाही. तेव्हा कबूल करतो. माझा अशील मोठा माजोरडा होता. आमच्या वडिलांनी फोनसाठी अर्ज केला १९७४ साली आणि फोन आला १९८३ साली. मधल्या नऊ वर्षांत माझे लग्न झाले, चिरंजीव झाले, चिरंजीव शाळेत जाऊ लागले, आणि "फोन आला की कळवतो" असे ज्यांना सांगून ठेवले होते, त्यांतले दोघे कळवण्याच्या पलीकडे गेले. मुंबईला टेलिफोनचे एक्स्चेंज सुरू झाले १८८२ साली. म्हणजे टेलिफोनला मुंबईहून आमच्या वाड्यापर्यंत यायला एकशे एक वर्षे लागली. पायी निघाला असता तरी चार दिवसांत पोचला असता.

पुतण्याने मध्यंतरी आणखी एक माहिती पुरवली. ज्या १९७४ साली आमचा अर्ज फायलीत शिरला, त्याच साली अमेरिकेत शास्त्रज्ञ कॉम्प्युटरच्या जाळ्यातून माणसाचा आवाज पाठवण्याचे प्रयोग करत होते. म्हणजे आमचा अर्ज निकालात काढणारा शोध आमच्या अर्जाच्या जोडीनेच जन्मला होता. वडील आज असते तर म्हणाले असते, "मग अनामत परत मिळते का, ते विचार."

फोन आला तेव्हा त्याला हळदकुंकू वाहिले गेले. हिने क्रोशाचा रुमाल विणून त्याच्या अंगावर घातला. वडिलांनी डायलला चिमुकले कुलूप लावले आणि किल्ली जानव्याला बांधली. आठवड्याभरात चिरंजीवांनी शोध लावला, की रिसिव्हर ठेवायची खुंटी मोजून टकटकवली तरी नंबर लागतो. एकदा टकटक म्हणजे एक, दहादा म्हणजे शून्य. पुढे हाच मुलगा इंजिनियर झाला यात नवल नाही; नवल एवढेच, की त्या महिन्याचे बिल भरल्यावरसुद्धा वडिलांनी त्याला घरात ठेवला.

आमचा नंबर हा आळीतल्या अकरा बिऱ्हाडांचा 'पी. पी. नंबर' होता. कोणाच्या तरी लग्नपत्रिकेवर, कोणाच्या दुकानाच्या पाटीवर आमचा नंबर छापलेला असे. "जरा समोरच्या वहिनींना हाक मारता का?" अशी विनंती आली, की मी बनियनवर गॅलरीत जाऊन हाक मारायची. त्या हातातली पोळी तव्यावर टाकून धावत यायच्या, आणि त्यांची पोळी करपल्याचा वास आमच्या घरापर्यंत यायचा. पावसाळ्यात तर माझा अशील आठ-आठ दिवस मरून पडायचा. तक्रारीसाठी १९८ नंबर फिरवावा लागे, आणि तो फिरवायला चालू फोन लागे!

एवढे सगळे गुन्हे कबूल. आता विरुद्ध पक्षाची उलटतपासणी.

पुतण्याने एका रविवारी श्रीखंडाच्या साक्षीने मला इंटरनेटवरचा फोन समजावून सांगितला. "काका, जुन्या फोनमध्ये तुमच्या तोंडापासून पलीकडच्या कानापर्यंत एक आख्खी वाट फक्त तुमच्यासाठी अडवून ठेवायचे. तुम्ही गप्प बसलात तरी ती अडलेलीच. किती वाया जायचं! आता काय करतात, तुमच्या आवाजाचे बारीक तुकडे करतात. एका सेकंदाचे पन्नास. प्रत्येकाच्या पाठीवर नंबर आणि पत्ता लिहायचा आणि द्यायचा सोडून. ज्याला जी वाट मोकळी मिळेल तिने त्यानं जायचं. तिकडे पोचल्यावर पुन्हा नंबरवार जुळवायचे."

मी म्हटले, "म्हणजे नागपूरच्या लग्नाला पन्नास वऱ्हाडी पन्नास वेगवेगळ्या एस. टी.तून पाठवायचे, आणि मांडवात पोचल्यावर मानपानाप्रमाणे रांगेत उभे करायचे."

"करेक्ट!"

"आणि एखादी एस. टी. वाटेत बंद पडली तर?"

"तर त्याच्यासाठी थांबायचं नाही. मुहूर्त टळतो. त्याच्या जागी आधीच्याच वऱ्हाड्याला थोडा ताणून पुन्हा उभा करायचा. एखाददुसरा गळला तर कळतसुद्धा नाही."

आता मला कळले, की अमेरिकेतून आमचा मुलगा मधूनच "आआआआई" असे भुतासारखे का ओरडतो. त्यात मायेचा उमाळा असतो अशी हिची समजूत होती. प्रत्यक्षात मागचे वऱ्हाडी आलेले नसतात आणि पुढचाच पुन्हापुन्हा मुजरा करत असतो.

तुकडे जुळवायला वेळ लागतो, म्हणून आवाज किंचित उशिरा पोचतो. निमिषभराचाच उशीर, पण तेवढ्यात दोन्हीकडची माणसे एकदम बोलू लागतात, एकदम थांबतात, आणि "तू बोल", "नाही, तू बोल" असे चालते. आपल्या देशात ट्रंक ऑपरेटरशिवाय परगावी फोन लावायची सोय पहिल्यांदा सुरू झाली ती १९६० साली, लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान. त्या वेळी इंटरनेटचा हा उशीर असता तर लखनौवाला अजून 'पहले आप'वरच असता. पुणेकराचे तसे नाही. तो समोरचा बोलत असला तरी थांबत नाही, त्यामुळे या उशिराचा त्रास आम्हांला इतरांपेक्षा पुष्कळ कमी होतो.

इथवर मी हसत होतो. पुढची माहिती ऐकून मात्र श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. पुतण्या म्हणाला, "काका, माणूस बोलता बोलता गप्प बसला ना, की पुष्कळदा ते गप्प बसणं पाठवतच नाहीत. उगाच कशाला तुकडे खर्च करा? पण मग पलीकडे एकदम सामसूम होते आणि त्या माणसाला वाटतं, फोन कट झाला. म्हणून तिकडचं मशीन आपलं आपण थोडीशी खरखर तयार करून त्याच्या कानात सोडतं. त्याला बरं वाटावं म्हणून."

"म्हणजे ती खरखर खोटी?"

"खोटी म्हणजे... सोयीची."

मला १९८४ सालची एक रात्र आठवली. नागपूरच्या आत्याचे यजमान गेले तेव्हा वडिलांनी तिला ट्रंक कॉल लावला. ट्रंक कॉलचे तीन भाव असत : ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. आमच्या घराण्यात लाइटनिंग कॉल तो एकच झाला. काटकसरी माणूस, चहाच्या दुधाचा हिशोब ठेवणारा. ऑपरेटरने जोडून दिला, वडील "ताई" म्हणाले, आणि त्यानंतर तीन मिनिटे ना हे बोलले ना ती बोलली. तिकडून फक्त श्वास येत होता. मध्येच ऑपरेटर "थ्री मिनिट्स" म्हणाला आणि वडील म्हणाले, "वाढवा." आयुष्यात त्यांनी कोणत्याही बिलाला 'वाढवा' म्हटल्याचे मी त्या आधी किंवा नंतर ऐकले नाही. त्या तीन मिनिटांत तारेवरून जे काही नागपूरला गेले, ते आजच्या हिशोबाने वाया गेलेली वाट. तिच्या जागी मशीनने सोयीची खरखर वाजवली असती.

तरीसुद्धा, एवढ्यासाठी मी वकीलपत्र घेतले नसते. म्हाताऱ्या माणसांनी हळवे व्हायचे आणि तरुणांनी "हो ना काका" म्हणत घड्याळाकडे पाहायचे, हा खेळ मलाही ठाऊक आहे. माझी खरी तक्रार हळवी नाही. ती विजेच्या बिलाची आहे.

माझ्या काळ्या अशिलाची एक गोष्ट त्याच्या हयातीत मी कधी ध्यानात घेतली नव्हती. त्याला भिंतीतली वीज लागत नसे. प्लग नाही, चार्जर नाही. त्याची शिदोरी तो एक्स्चेंजमधून त्याच तांब्याच्या दोन तारांवरून घेऊन यायचा, अठ्ठेचाळीस व्होल्टची. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांच्या रांगा असायच्या, आणि त्या उतरू नयेत म्हणून डिझेलचे जनरेटर. आळीतले दिवे गेले, ट्रान्सफॉर्मर जळला, वादळाने अंधार केला, तरी तार शाबूत असली की रिसिव्हर उचलल्यावर कानात 'घूं' वाजायचे. हा चमत्कार आहे असे आम्हांला कधी वाटले नाही. फोन म्हणजे असाच असतो असे वाटायचे. मेणबत्तीच्या उजेडात आम्ही वीज मंडळाला फोन करून शिव्या द्यायचो. शिव्या देण्याची सोय चालू आहे म्हणून कोणाचे आभार मानायचे सुचले नाही.

२०२२ साली तांब्याची तार जाऊन काचेची आली. बसवायला आलेला मुलगा फार गोड होता. "काका, नंबर तोच राहील, आवाज स्वच्छ येईल, कॉल फुकट." सगळे खरे होते. न सांगितलेली गोष्ट एकच : काचेच्या तारेतून उजेड येतो, वीज येत नाही. डबी चालायची तर वीज माझी. माझी वीज गेली की माझी डबी मेली, आणि डबी मेली की फोन मेला. मी काढलेल्या फॉर्मवर नऊ सह्या केल्या, त्यांतली एकही या वाक्याखाली नव्हती, कारण हे वाक्यच फॉर्मवर नव्हते.

आता ती रात्र. २०२४ चा जून, पहिला मोठा पाऊस. रात्री दोनच्या सुमाराला दिवे गेले. पंखा थांबला तशी मला जाग आली, आणि हिला बसलेली पाहिले. "छातीत कसंतरी होतंय हो," ती म्हणाली. घामाने भिजली होती. मी अंधारात सवयीने स्टुलाकडे गेलो. डबीचे चारही डोळे मिटलेले. रिसिव्हर उचलला, आत काही नाही. 'घूं' नाही, खोटी खरखरही नाही. हिचा मोबाईल बंद पडलेला. माझ्यात सहा टक्के चार्जिंग. कारण संध्याकाळी दोन तास नातवाने मला त्याचे नवे डायनोसोर एकेक करून दाखवले होते. आमच्या घरात मोबाईलची रेंज येत नाही. एरवी कळत नाही, कारण मोबाईलसुद्धा त्या डबीच्याच आधाराने बोलतो. गॅलरीत पावसात उभा राहून १०८ फिरवला. एकदा लागला नाही, दुसऱ्यांदा लागला, आणि पलीकडून "नमस्कार" ऐकू येताच मोबाईल काळा झाला.

पंचाहत्तराव्या वर्षी मी तीन जिने किती वेळात उतरलो, ते मला सांगता येणार नाही. गेटवर आमचा वॉचमन होता. त्याच्याकडे बटणांचा जुना मोबाईल आहे. सोसायटीतली मुले त्याला त्यावरून हसतात. "थांबा काका, मी लावतो," म्हणून त्याने लावला. ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टरांनी दोन स्टेंट घातले. हिची तब्येत आज उत्तम आहे. हा लेख मी तिच्यावरून लिहितो आहे हे कळल्यावर, "घामाबिमाचं कशाला लिहिता, लोक काय म्हणतील!" असे म्हणण्याइतकी उत्तम आहे. पण जिना उतरताना मला काय वाटत होते, ते मी कोणालाच सांगितलेले नाही. आणि इथेही सांगणार नाही.

पुतण्याला पुढल्या रविवारी हे सांगितले. तो हळहळला, पण तो पडला विरुद्ध पक्षाचा वकील. म्हणाला, "पण काका, शेवटी उपयोगी पडला तो मोबाईलच ना? लँडलाइन नाही. आणि आता फोर-जीवर साधा मोबाईल कॉलसुद्धा असाच तुकडे करून जातो. तुमचा काळा फोन जिंकला कुठे?"

मुद्दा बिनतोड होता. मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आले, की माझे भांडण तुकड्यांशी नाहीच. आवाजाचे पन्नास तुकडे करा नाहीतर पाचशे. भांडण हे आहे, की वीज गेल्यावर काय, याची काळजी वाहायची कोणी? काळ्या फोनच्या वेळी ती टेलिफोन खात्याची होती. खाते उद्धट होते, आळशी होते, दिवाळीला पोस्त मागणारे होते. पण बॅटरी त्याची होती. वॉचमनच्या साध्या मोबाईलच्या मागेही टॉवर आहे, टॉवरच्या पायाशी बॅटऱ्या आहेत, आणि त्या ठेवायचे काम कोणाच्या तरी गळ्यात आहे. माझ्या डबीच्या मागे कोण आहे? मी. फुकट, फुकट म्हणून जे गाजले त्याचा अर्थ एवढाच, की एक्स्चेंजचा सगळा संसार मला न सांगता माझ्या स्टुलावर आणून ठेवला. इंजिनियर मी, बॅटरीवाला मी, लाइनमन मी. फक्त पोस्त मागायला मला कोणी नाही.

आणि ॲपवरच्या फोनांचे तर विचारूच नका. आमच्या फोनमधल्या एकाही ॲपवरून ११२ लागत नाही. पोलीस काय, ॲम्ब्युलन्स काय, त्या वाटेने भेटत नाहीत. काळ्या फोनवरून मी कोणत्याही कंपनीच्या, कोणत्याही देशातल्या फोनशी बोलू शकत होतो. पलीकडच्याचा फोन कुठल्या दुकानातला, हे विचारावे लागत नव्हते. आता मुलगा एका ॲपवर, मेहुणी दुसऱ्यावर, मेहुणीची लेक "काका, ते असुरक्षित आहे" म्हणून तिसऱ्यावर. एका ॲपवरून दुसऱ्यावर सहज फोन करीन म्हटले तर सोय नाही. सोवळ्यातल्यांनी ओवळ्यातल्यांशी बोलायचे नाही, ही चाल आम्ही मोठ्या कष्टाने मोडली. ती आता इंजिनियरांनी परत आणली. युरोपातल्या लोकांनी निदान २०२२ साली कायदा करून बड्या ॲपवाल्यांना एकमेकांसाठी दारे उघडायला सांगितले आहे. आपल्याकडे तर इंटरनेटवरून फोन करायला परवानगीच मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून. तारीख पाहून घ्या. तीसुद्धा अशी, की कॉम्प्युटरवरून शिकागोच्या फोनवर बोलता येईल, पण साताऱ्याच्या फोनवर येणार नाही!

बरे, ही दुकाने टिकतात म्हणावे तर तेही नाही. २००३ साली स्काइप आले. आमची बहीण ते शब्दासकट शिकली. "रात्री स्काइपवर ये" असे ती जेवायला बोलावल्यासारखे म्हणायची. २०२५ च्या मे महिन्यात ते बंद झाले. माझ्या काळ्या फोनच्या नंबराला मात्र १९८३ पासून पुढून एकेक आकडा चिकटत गेला, पण मूळ नंबर आजही मला झोपेत विचारा.

कोणी म्हणेल, प्रगती थांबवता येत नाही. मी कुठे थांबवतो आहे? ज्यांनी आमच्यावर टेलिफोन आणला त्या इंग्रजांचेच पाहा. त्यांनीही तांब्याच्या तारा बंद करायला घेतल्या. पण तिथल्या सरकारी नियामकाने फोनवाल्यांना बजावले, की ज्या घरात दुसरा फोन चालत नाही, तिथे वीज गेल्यावर निदान तासभर मदतीचा फोन लागला पाहिजे. तरी घोटाळा झालाच. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात मदतीचे बटण असते, ते फोनच्या तारेवर चालते. नव्या जोडणीनंतर काहींची बटणे मुकी झाली. तेव्हा २०२३ च्या डिसेंबरात सक्तीने बदलण्याचे काम थांबवावे लागले, आणि सगळे संपवण्याची तारीख २०२५ च्या डिसेंबरवरून २०२७ च्या जानेवारीवर गेली. म्हाताऱ्यांसाठी अख्ख्या देशाने तेरा महिने थांबायचे! अमेरिकेनेही २०१५ साली नियम केला, की अशा जोडणीबरोबर आठ तासांची बॅटरी विकत देण्याची तयारी कंपनीने ठेवलीच पाहिजे. पुढे ते चोवीस तास झाले. विकत म्हणजे विकतच, फुकट नव्हे. पण निदान 'बॅटरी लागते' हे सांगितले तरी!

माझी मागणी एवढीच आहे. डबी बसवणाऱ्याने बॅटरीही बसवावी, आणि तिचे पैसे घ्यायचे तर उजळ माथ्याने घ्यावेत. फॉर्मवर सगळ्यात वर, चष्मा न लावता वाचता येईल अशा अक्षरांत एक ओळ छापावी : 'वीज गेल्यास हा फोन बंद पडेल.' ज्या घरात दोन म्हातारी माणसे राहतात, तिथे ती ओळ मोठ्याने वाचूनही दाखवावी. ज्याला हे करायचे नसेल त्याने आपल्या वस्तूला खुशाल काहीही म्हणावे, पण टेलिफोन म्हणू नये. तो शब्द माझ्या अशिलाचा आहे.

आता वकिलाने सांगू नये असे एक सांगतो. त्या रात्री हॉस्पिटलात पहाटे चार वाजता, वॉचमनच्या शेजाऱ्याकडून आणलेल्या चार्जरवर मोबाईल जिवंत झाला आणि शिकागोहून मुलाचा फोन आला. इंटरनेटवरून. फुकट. दुपारी ऑपरेशन होईपर्यंत तो बंद केला नाही. मी मोबाईल हिच्या उशाशी पाण्याच्या भांड्याला टेकवून ठेवला. तिकडे तो, इकडे ती. कोणी फारसे बोलत नव्हते. मधून तो "आई, आहेस ना?" विचारायचा आणि ही "आहे रे" म्हणायची. ऑपरेटर मध्ये आला नाही, "वाढवा" म्हणावे लागले नाही. वडिलांना एवढा वेळ मिळाला असता तर त्यांनी घर विकून दिले असते. मधे ज्या वेळी दोघेही गप्प असत तेव्हा कानाशी बारीक खरखर येत होती. ती खरी होती की सोयीची, हे मी पुतण्याला अजून विचारलेले नाही.

तेव्हा डबी स्टुलावर राहील. तिच्याखाली मी आता एक बॅटरी आणून ठेवली आहे, ती चार तास चालते असे दुकानदार म्हणतो. शिवाय बटणांचा एक मोबाईल घेतला. तो गॅलरीत खिळ्याला टांगलेला असतो. रेंज तिथेच येते. दर गुरुवारी वॉचमन वर येऊन दोन्ही चालू आहेत ना, ते पाहून जातो. त्याला मी दिवाळीला पोस्त देतो.

पुतण्याने ही व्यवस्था पाहिली आणि हसला. जाताना मात्र दारात थांबून हळूच म्हणाला, "काका, ती बॅटरी कुठून आणलीत? आईकडेपण डबीच आहे."

मी त्याला दुकानाचा नंबर दिला. लँडलाइनचा.